थोडे, पण यजमान

संयुक्त अरब अमिरातीत दहा माणसांमागे देशाचा नागरिक जेमतेम एक. विद्यापीठांतही प्राध्यापक बहुतेक परदेशीच. अल ऐनमध्ये 1976 साली देशातलं पहिलं विद्यापीठ सुरू झालं तेव्हा शिक्षक बाहेरूनच आणावे लागले. पुढे परदेशात पीएचडी करून अमिराती मंडळी परतली, तरी विभागाच्या बैठकीत ती अजून मोजकीच दिसतात.

अशा मोजक्यांचं काय होतं, यावर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी 1977 मध्ये लिहिलं होतं. अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीत विक्रीचं काम करणाऱ्या थोड्याशा स्त्रिया त्यांनी अभ्यासल्या. एखादा गट 15 टक्क्यांहून कमी असला, की त्यातला माणूस सतत नजरेत राहतो, त्याचं वेगळेपण फुगवलं जातं आणि तो ठरीव साच्यात बसवला जातो. बैठकीत पांढऱ्या कंदुऱ्यातला (अमिराती पुरुषांचा पायघोळ झगा) एकच रसायनशास्त्रज्ञ असला, तर त्याच्या शोधनिबंधाआधी त्याचा पासपोर्ट आठवतो. हा गुणवत्तेवर आला की नोकऱ्यांत नागरिकांना प्राधान्य देणाऱ्या ‘अमिरातीकरणा’च्या धोरणामुळे, ही शंका कोणी बोलून दाखवत नाही, पण ती त्याला कळते.

इथे मात्र कँटर यांचं गणित निम्मंच लागू पडतं, असं मला वाटतं. त्या स्त्रिया संख्येने कमी होत्या आणि सत्तेनेही. अमिराती प्राध्यापक संख्येने कमी, पण घर त्याचं. शेजारच्या केबिनमधल्या परदेशी सहकाऱ्याचा करार ठरावीक वर्षांचा. नोकरी गेली की राहण्याचा परवानाही सहसा जातो. (आखातात शिकवणारे आपले मराठी प्राध्यापकही याच बाजूचे.) स्थानिकाला ती धास्ती नाही. त्याची अडचण वेगळी: देशाचा माणूस म्हणून समित्या, प्रशासन आणि मंत्रालयं त्याला ओढतात आणि प्रयोगशाळा मागे पडते.

माणसाच्या अनेक ओळखींपैकी कोणती पुढे येते हे समोर कोण आहे यावर ठरतं, असं मानसशास्त्रज्ञ जॉन टर्नर सांगत. म्हणजे परदेशातल्या परिषदेत हाच गृहस्थ निव्वळ रसायनशास्त्रज्ञ असतो आणि स्वतःच्या विद्यापीठात आधी ‘स्थानिक’.

त्यात भाषेचा पेच. विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत वर चढायचं तर इंग्रजीत छापायला हवं. आपल्या समाजाशी बोलायचं तर अरबीत. शेजारच्या कतारने 2012 मध्ये सरकारी विद्यापीठातले कायदा, व्यवस्थापन यांसारखे अभ्यासक्रम इंग्रजीतून पुन्हा अरबीत नेले. बढतीच्या वेळी वजन मात्र इंग्रजी नियतकालिकांनाच राहिलं, तर अरबीत शिकवणाऱ्याने संशोधन कोणासाठी लिहायचं?