थेट की ध्वनिमुद्रित? अमेरिकी रेडिओवरच्या संगीत-विनोदी कार्यक्रमांची पार्श्वभूमी

वाद्यवृंद, गायक, विनोदवीर, पाहुणा कलाकार आणि मधूनमधून जाहिरात हा साचा १९२९ च्या सुमारास बसला आणि पुढची वीस वर्षे फारसा हलला नाही. रंगमंचावरचे कलाकार जवळपास तसेच्या तसे माइकपुढे आले. सुरुवातीला काही स्टुडिओंत प्रेक्षकांना काचेपलीकडे बसवत आणि हसू नका म्हणून बजावत. प्रतिसादाशिवाय विनोदाची लय चुकते हे लक्षात आल्यावर ती काच गेली.

कार्यक्रमाचा ताबा जाहिरात एजन्सीकडे असे. अर्ध्या तासाच्या नेमून दिलेल्या वेळेत प्रत्यक्ष हाती साडेएकोणतीस मिनिटे, त्यातली सुमारे तीन जाहिरातीची. खरी अडचण हशाची. तालमीत चार सेकंद धरलेला हशा प्रक्षेपणात बारा सेकंद चालला की पुढचे सगळे कोलमडे. म्हणून संहितेत वगळता येतील अशा ओळींना आधीच खुणा केलेल्या असत, आणि शेवटची धून वाद्यवृंद हवी तेवढी ताणू किंवा आखडू शके.

१९४० च्या अखेरीस गीतकार-संगीतकारांच्या संघटनेशी मानधनाचा करार फिसकटला. जानेवारी १९४१ पासून जवळपास दहा महिने नेटवर्कवर (म्हणजे अनेक स्थानकांना तारेने एकच कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपन्यांवर) तिची गाणी बंद राहिली आणि १८५४ मधल्या एका गाण्यासारखी स्वामित्वहक्क संपलेली गाणी श्रोत्यांना पुन्हापुन्हा ऐकावी लागली.

पण या सगळ्या काळावर सावली होती ती एका निर्णयाची: एनबीसी आणि सीबीएस या दोन्ही मोठ्या नेटवर्कवर ध्वनिमुद्रित कार्यक्रम चालणार नाही. कारण असे दिले जाई की श्रोत्याला ताजेपणाचे वचन दिले आहे, तबकडी वाजवणे ही फसवणूक. हे अर्धेच खरे होते. कार्यक्रम तबकडीवर टपालाने पाठवता आला तर स्थानकांना नेटवर्कच्या तारेची गरजच उरली नसती. नियम पूर्ण कडकही नव्हता. ध्वनिपरिणामांच्या तबकड्या चालत, आणि मे १९३७ मधल्या हिंडेनबर्ग या जर्मन हवाई जहाजाच्या दुर्घटनेचे मुद्रण खुद्द नेटवर्कवरून ऐकवले गेले.

भुर्दंड पडला तो कलाकारांवर. दोन किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचा फरक. न्यूयॉर्कला रात्री आठला हवा असलेला कार्यक्रम हॉलिवूडमध्ये संध्याकाळी पाचला करायचा आणि पश्चिमेसाठी नवे प्रेक्षक बसवून काही तासांनी पुन्हा. दुसऱ्या खेपेला तेच विनोद, थकलेले आवाज.

युद्धकाळात सैन्याच्या रेडिओसेवेने हेच कार्यक्रम जाहिराती काढून १६ इंची तबकड्यांवर परदेशी पाठवले. मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला साधारण १५ मिनिटे. सैनिकांना ते चालले, तर घरच्या श्रोत्यांना का चालू नयेत? एका अतिशय लोकप्रिय गायकाने हाच आग्रह धरला, जुना प्रायोजक सोडला आणि १६ ऑक्टोबर १९४६ पासून तिसऱ्या, धाकट्या नेटवर्कवर मुद्रित कार्यक्रम सुरू केला.

पहिले वर्ष अवघड गेले. जास्तीचे मुद्रण करून त्यातले चांगले निवडायचे, तर एका तबकडीवरून दुसरीवर उतरवावे लागे. दर उतरवणीला खरखर वाढे, वरचे स्वर बोथट होत. तीन-चार उतरवणींनंतर फरक घरच्या रेडिओ संचावरही कळे आणि टीकाकारांना आयतेच कारण मिळे.

सुटका जर्मन चुंबकीय फितीने केली. अमेरिकी सैन्यातल्या एका अभियंत्याने दोन यंत्रे आणि फितीची पन्नास रिळे अमेरिकेत आणली होती. ऑक्टोबर १९४७ पासून कार्यक्रम फितीवर होऊ लागला. फीत तुटेल या भीतीने प्रक्षेपण मात्र काही काळ तबकडीवरूनच होई. कात्रीने कापून चिकटपट्टीने जोडायचे, आणि काप तिरका घ्यायचा, कारण सरळ जोडावर ‘टक्’ ऐकू येते. चिकटपट्टीचा डिंक बाजूला पाझरला तर शेजारचे वेढे एकमेकांना चिकटत. एप्रिल १९४८ मध्ये अमेरिकी बनावटीची यंत्रे आली: सेकंदाला ३० इंच वेग, एका रिळावर अर्ध्या तासाहून थोडे अधिक. त्याच दिवसांत एका कार्यक्रमातला राखून ठेवलेला हशा दुसऱ्यातल्या फसलेल्या विनोदामागे जोडला गेला. दूरचित्रवाणीने ही सवय पुढे फारच मनावर घेतली.

१९४९ पर्यंत दोन्ही नेटवर्कनी बंदी सोडली, पण तोवर जाहिरातीचा पैसा पडद्याकडे वळू लागला होता. नोव्हेंबर १९५० मध्ये ९० मिनिटांचा, बड्या पाहुण्यांनी भरलेला रविवारचा कार्यक्रम काढून पाहिला गेला. एप्रिल १९५२ मध्ये तो बंद झाला.

आज ऐकायला मिळते ते बहुतेक तबकड्यांवरून. युद्धात ॲल्युमिनियम मिळेना तेव्हा त्या काचेच्या गाभ्यावर केल्या गेल्या; पडली की संपली. वरचा लॅकरचा (रोगणासारख्या लेपाचा) थरही सुटतो. एकाच तारखेच्या दोन प्रतींत संहिता तीच पण हशा वेगळा असेल, तर बहुधा एक प्रत पूर्वेची आणि दुसरी पश्चिमेची. निवेदक शेवटी काय म्हणतो ते आधी तपासावे, कारण प्रादेशिक जाहिरात किंवा वेळेची घोषणा तिथेच सापडते.