अमीन सयानी कोलंबोत नव्हते

मालवण-वेंगुर्ल्यात आजही ठामपणे सांगतात, "अमीन सयानी कोलंबोत बसून बोलायचे." तसं नव्हतं. १९५२ पासून ते सादर करायचे ती हिंदी सिनेगीतांची 'बिनाका गीतमाला' मुंबईतच ध्वनिमुद्रित व्हायची आणि टेप विमानाने श्रीलंकेत कोलंबोला, रेडिओ सिलोनकडे जायच्या. रेडिओ सिलोनकडे महायुद्धातल्या लष्करी केंद्राचा ताकदवान शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता. त्याच्या लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून कोकणात उतरायच्या. म्हणून तर बुधवारी रात्री आवाज भरतीसारखा चढायचा, मध्येच ओसरायचा आणि ओटीवरची माणसं सेटला कान लावून बसायची. मुंबईचा आवाज असा समुद्र ओलांडून आपल्याकडे यायचा, ही केवढी मोठी गोष्ट!

आकाशवाणीने सिनेगीतांना दूर ठेवलं म्हणून सिलोन फोफावलं. १९५७ मध्ये आकाशवाणीचीच विविध भारती आली, १९६७ मध्ये तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या आणि सिलोनची मिळकत आटू लागली. १९८९ मध्ये गीतमालाही विविध भारतीवर आली.