डोळे तपासताना हिपॅटायटिस बी लागेल का?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांची चिठ्ठी हातात पडली, की बरेच जण काउंटरपाशीच अडतात. साखर समजते, ईसीजी समजतो. हे ‘एचबीएसएजी’ कशाला? ही हिपॅटायटिस बी ची, म्हणजे लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात तिची रक्ततपासणी. नौपाड्यातल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात आणि आतल्या दवाखान्यात हा प्रश्न इतक्यांदा येतो, की उत्तर छापून ठेवलेलं बरं.

हा विषाणू मुख्यतः रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवल्याने, हातात हात दिल्याने नाही. दुकानातली फ्रेम आधी दहा जणांनी लावून पाहिली असली तरी तुम्ही बिनधास्त लावा. मात्र बाधित माणसाच्या अश्रूंतही हा विषाणू आढळलेला आहे, आणि शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा, तो निदान ७ दिवस तग धरतो. म्हणून आमचं लक्ष असतं ते थेट डोळ्याला टेकणाऱ्या वस्तूंवर.

त्यातली पहिली म्हणजे डोळ्याचं प्रेशर मोजायचा प्रिझम. काचबिंदूच्या तपासणीत भूल देणारा थेंब टाकून निळ्या प्रकाशात जे छोटं टोक बुबुळाला लावतात, ते. स्पिरिटचा बोळा फिरवला आणि पुढच्या पेशंटला लावला, ही पद्धत आम्हाला मान्य नाही; नुसतं पुसणं पुरत नाही. आधी प्रिझम पुसून स्वच्छ करायचा, मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ५ ते १० मिनिटं बुडवून ठेवायचा, नंतर पाण्याने नीट धुऊन कोरडा करायचा. धुण्यात कसर राहिली तर औषधानेच बुबुळ पोळतं, त्यामुळे इथे घाई चालत नाही. प्रिझम आळीपाळीने वापरतो, तरी संध्याकाळच्या गर्दीत थांबावं लागतं. ‘अहो, ट्रेन चुकेल’ म्हणालात तरी थांबावं लागतं. हवेची फुंकर मारणारं यंत्र डोळ्याला टेकत नाही, तिथे हा प्रश्न कमी. पण काचबिंदूच्या पेशंटना ते नेहमी पुरत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्सची ट्रायल एकाला घातली की ती जोडी टाकून देतो. लग्नसराईत नवरीच्या डोळ्यांत रंगीत लेन्स घालायची टूम आहे. पार्लरवाल्या ताईंना एकच विचारा: पाकीट माझ्यासमोर फोडणार का? मैत्रिणीची लेन्स ‘फक्त फोटोपुरती’ घालणंही नको. हिपॅटायटिस राहू द्या, त्याआधी डोळ्यात जंतुसंसर्ग होऊन बुबुळावर जखम व्हायची.

आम्हाला खरी धास्ती वाटते ती वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपची. ग्राइंडरवर काम करताना लोखंडाचा कण बुबुळात रुततो आणि कोणीतरी ‘हात साफ असलेला’ सहकारी सुईच्या टोकाने तो काढून देतो. तीच सुई बाटलीच्या बुचात खोचून ठेवलेली असते, पुढच्याची वाट पाहत. दवाखान्यात हे काम सूक्ष्मदर्शकाखाली, तुमच्यासमोर फोडलेल्या नव्या सुईने होतं आणि सुई लगेच नष्ट केली जाते. कण काढायला सुट्टी मिळत नसेल, तर सुपरवायझरला हे पत्रक दाखवा. आणि काम करताना गॉगल लावा, म्हणजे आमच्याकडे यायची वेळच येणार नाही.

वापरलेली सुई कुणाला टोचलीच, तर जागा साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लस घेतलेली नसेल तर लस आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिनचं (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन शक्यतो २४ तासांत मिळायला हवं.

आता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यासाठी अडत नाही. आम्ही तुम्हाला परत पाठवत नाही, वेगळ्या खुर्चीवर बसवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना हा जुनाट संसर्ग होता आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. डोळे पिवळे दिसत नाहीत म्हणून माणूस बाधित नाही, असं धरून चालत नाही. त्यामुळे प्रत्येक पेशंट बाधित असू शकतो असं समजूनच हत्यारं साफ करावी लागतात. रिपोर्ट बघून साफसफाई ठरवणारा दवाखाना आम्हाला तरी पटत नाही. पॉझिटिव्ह असाल तर यकृताच्या डॉक्टरांना मात्र जरूर दाखवा. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

लस सोपी आहे: मोठ्यांना साधारणपणे ३ डोस, पहिल्यानंतर १ महिन्याने आणि ६ महिन्यांनी. सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ पासून आली, म्हणजे त्याआधी जन्मलेल्या अनेकांची राहून गेलेली असते. आमच्याकडे हत्यारं हाताळणाऱ्या प्रत्येकाला ती घ्यावीच लागते.

आणि एक विनंती. जुना रिपोर्ट असेल तर काउंटरवर सगळ्यांदेखत सांगू नका. आत डॉक्टरांच्या हातात द्या. तो तिथेच राहतो.