हरकती-सूचना आणि सहभागी अंदाजपत्रक: नागरिकाचे स्थान कुठे असते?

महापालिकेच्या कारभारापर्यंत नागरिकाचे म्हणणे पोहोचवण्याच्या ज्या वाटा आहेत, त्यांपैकी दोन वाटांची गल्लत फार सहज होते. पहिली म्हणजे हरकती व सूचना मागवणे आणि दुसरी म्हणजे सहभागी अंदाजपत्रक, म्हणजे अंदाजपत्रकातील कामे ठरवण्यात नागरिकांनी स्वतः भाग घेणे. जाहीर आवाहन, ठरलेली मुदत आणि नागरिकाने लिहून दिलेला अर्ज या गोष्टी दोन्हींकडे दिसत असल्याने ‘लोकांना विचारले’ एवढ्यावर दोन्हींची बोळवण होते. प्रत्यक्षात पैसा कुठे खर्च व्हावा हे ठरवताना नागरिकाला मिळणारे स्थान दोन्हींत अगदी वेगळे असते.

हरकती-सूचनांना कायद्याचा पक्का आधार आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची याचा मसुदा, प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत कोणालाही हरकत नोंदवता येते आणि त्यावर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती आल्या. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा महापालिकेकडून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवला. या पद्धतीत मसुदा आधी तयार असतो आणि नागरिक नंतर येतो. त्याचे ऐकून घेण्याचे बंधन प्रशासनावर असते, मान्य करण्याचे नसते. तरीही ही तरतूद क्षुल्लक मानणे चुकीचे ठरेल. ज्याच्या घरावर किंवा शेतावर रस्ता, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडले आहे, त्याच्या हाती तेवढीच ढाल असते.

सहभागी अंदाजपत्रकात हा क्रम उलटा असतो. त्याची सुरुवात १९८९ मध्ये ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात झाली. कामगार पक्षाचे ओलिव्हियो दुत्रा तेव्हा नुकतेच महापौर झाले होते. शहराचे १६ विभाग पाडण्यात आले आणि प्रत्येक विभागात खुल्या सभा भरू लागल्या. सभेला जितके लोक अधिक, तितके त्या विभागाचे प्रतिनिधी अधिक, असा नियम होता. हे प्रतिनिधी सांडपाणी, रस्ते, घरे, शाळा यांपैकी कशाला आधी हात घालायचा याचा क्रम लावत. दुसऱ्यांच्या वस्त्यांची स्थिती बसने फिरून पाहत. आणि त्यांच्यातून निवडलेली अंदाजपत्रक परिषद सर्व विभागांत पैशांची वाटणी करी. या वाटणीला सूत्र होते. विभागाची लोकसंख्या, तेथील सुविधेची उणीव आणि त्या विभागाने स्वतः दिलेला अग्रक्रम या तिन्हींना गुण असत, आणि ते गुण कसे द्यायचे हे आधीच ठरलेले असे. वर्षाच्या शेवटी कोणत्या वस्तीत कोणते काम होणार याची पुस्तिका छापली जाई, आणि पुढच्या सभेत लोक तीच पुस्तिका हातात धरून जाब विचारत.

सुरुवातीची दोन वर्षे मात्र खडतर गेली. महसुलाचा बहुतेक भाग पगारात संपत होता. सभांमध्ये मागण्या नोंदवल्या गेल्या, पण कामे उभी राहिली नाहीत, आणि लोकांनी सभांकडे पाठ फिरवली. मालमत्ता करात सुधारणा होऊन तिजोरीत पैसा आला, कामे दिसू लागली, तेव्हाच गर्दी परतली. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. केवळ मत मांडण्याची संधी आहे म्हणून गरीब वस्तीतली बाई दिवसभराच्या कामानंतर सभेला येत नाही. तिथे ठरलेले खरोखर होते असे दिसले, तरच ती येते.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. सहभागी अंदाजपत्रकात लोकांचा निर्णय कायद्याने अंतिम असतो, असे अनेकांना वाटते. पोर्तो अलेग्रेतही अंदाजपत्रकाला मंजुरी देण्याचा अधिकार निवडून आलेल्या नगर विधिमंडळाकडेच होता. लोकांच्या निर्णयाला वजन होते ते महापौरांनी दिलेल्या शब्दामुळे आणि उघड नियमांमुळे. याची दुसरी बाजू अशी, की महापालिकेची इच्छा आटली तेव्हा पद्धत टिकली नाही. २०१७ मध्ये त्या शहरातच ती थांबवण्यात आली.

आता पुण्याकडे वळू. २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून पुणे महापालिका नागरिकांकडून कामे सुचवून घेते, आणि या उपक्रमाला सहभागी अंदाजपत्रक असेच म्हटले जाते. नागरिकाने क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, त्यात पदपथ, दिवे, बसथांबा, स्वच्छतागृह यांसारखे साधारण ५ लाख रुपयांपर्यंतचे काम सुचवायचे, अभियंत्यांनी ते शक्य आहे का हे तपासायचे, प्रभाग समितीने निवड करायची आणि मग ते आयुक्तांच्या अंदाजपत्रकात जायचे, अशी त्याची रचना आहे. देशात फार थोड्या शहरांनी एवढे तरी केले, म्हणून त्याचे श्रेय पुण्याला दिलेच पाहिजे. इथे मसुद्याच्या आधी विचारले जाते, ही जमेची बाजू आहे.

पण निवडीच्या वेळी नागरिक तिथे नसतो. एकट्याने घरी बसून भरलेला अर्ज शेजारच्या वस्तीला ठाऊक नसतो. सोसायटीच्या दारातला पदपथ आणि नाल्याकाठच्या वस्तीतले स्वच्छतागृह यांत आधी काय, हा प्रश्न नागरिकांपुढे येतच नाही. ज्यांना अर्जाची तारीख कळते आणि कार्यालयाचे जिने चढायला वेळ असतो, त्यांचीच कामे पुढे सरकतात. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, त्या प्रशासकाच्या काळात तर लोकनियुक्त प्रभाग समितीही नव्हती. म्हणून नावाने सहभागी अंदाजपत्रक असले, तरी गुणधर्माने पुण्याची पद्धत आजही हरकती-सूचनांच्या अधिक जवळ आहे.

हे अंतर कमी करण्यासाठी नवा कायदाही लागणार नाही. २००९ च्या दुरुस्तीने महापालिका कायद्यात क्षेत्र सभेची तरतूद झाली आहे. ग्रामसभेप्रमाणे मतदारांनी एकत्र येऊन कामे सुचवावीत आणि त्यांचा अग्रक्रम लावावा, हे तिचे प्रयोजन. ती प्रत्यक्षात भरवण्याची प्रथा मात्र रुजली नाही. नागरिकांचे अर्ज अभियंत्यांकडे जाण्यापूर्वी प्रभागातील सर्व मागण्यांची यादी, प्रभागाला उपलब्ध असलेल्या रकमेसह, क्षेत्र सभेपुढे ठेवावी आणि क्रम तिथेच हात वर करून लावावा. नाकारलेल्या प्रत्येक कामाचे कारण क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लेखी लागले पाहिजे, आणि मंजूर कामांपैकी किती झाली याचा हिशेब पुढच्या वर्षीचे अर्ज मागवण्यापूर्वी त्याच सभेत वाचला गेला पाहिजे.