बेळगावचे शिवार

बेळगावचे शिवार : कर्नाटकाच्या वायव्य टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यापासून कृष्णाकाठापर्यंत पसरलेला शेतीचा पट्टा आणि तिथल्या मराठी व कानडी शेतकऱ्यांची एकत्र वाढलेली रीतभात. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमेच्या वादावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामानाने शिवारातल्या चालीरीती उपेक्षित राहिल्या, म्हणून येथे भर त्यांवर आहे.

पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना जमीन आणि पाऊस झपाट्याने बदलतात. मलप्रभा खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावते. तिथे पावसाळ्यात पाऊस उसंत देत नाही, आणि त्याच जिल्ह्यातला अथणी तालुका पर्जन्यछायेत येतो. खानापुरात भात, नाचणी, काजू. उचगाव, बेकिनकेरे या बाजूच्या तांबड्या मातीत रताळी आणि बटाटे. निपाणीला तंबाखू, संकेश्वरला मिरची. घटप्रभा-कृष्णेच्या पाण्यावर ऊस. पूर्वेच्या काळ्या रानात ज्वारी आणि हरभरा. कानडी शेतकरी काळ्या जमिनीला ‘एरी’ आणि तांबडीला ‘मसारी’ म्हणतात. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ साली भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग रोखून धरला होता. ६ एप्रिलला त्यांच्यावर गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी मारले गेले. तंबाखूच्या या पट्ट्याची ओळख त्या दिवसाशी कायमची जोडली गेली आहे.

शहराला लागून असलेले शहापूर, वडगाव, येळ्ळूर, मजगावचे शिवार बासमतीसाठी नावाजलेले. इथला बासमती शिजला की वास शेजारच्या घरापर्यंत जातो. पाऊस येण्याआधी कोरड्या मातीत भात पेरतात, त्याला धूळवाफ पेरणी म्हणतात. खानापूरकडे रोपलावण अधिक. इंद्रायणी आणि इंटान या वाणांनी आता बरीच जागा घेतली आहे. भात काढल्यावर रानात जी ओल उरते तिच्यावरच मसूर, वाटाणा, हरभरा येतो. या मसुरीची आमटी ज्याने खाल्ली त्याला बाजारची मसूर फिकी लागते. पण हेच शिवार आज सर्वांत अडचणीत आहे. बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगला की उभे पीक दिवसच्या दिवस पाण्याखाली राहते, आणि वाढते शहर व हलगा-मच्छे बायपास यांनी पिकती जमीन घेतली. एकदा भराव पडलेल्या रानात बासमती पुन्हा होत नाही.

औजारांची आणि कामांची नावे दोन्ही भाषांत ये-जा करतात. पेरणीच्या ज्या औजाराला देशावर पाभर किंवा तिफण म्हणतात ती इथे कुरी, कानडीत कूरिगी. पाटीला, म्हणजे टोपलीला, बुट्टी हाच शब्द दोन्हीकडे. थोरली बहीण अक्का आणि थोरला भाऊ अण्णा हे तर कुणाचे हे विचारायचेही कुणाला सुचत नाही. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी आपले बैल एकत्र जुंपून आळीपाळीने एकमेकांचे रान करतात, तो पैरा. बांधावरून जाणारा ‘काय करूलास?’ असे विचारतो, त्या क्रियापदावरून माणूस बेळगावचा हे कुठेही ओळखू येते.

देवकार्ये शेतीच्या कामाशी बांधलेली आहेत. आषाढात वडगावच्या मंगाई देवीची यात्रा भरते. तिच्या आधी ठरलेल्या वारी ‘वार पाळणूक’ होते, म्हणजे त्या दिवशी रानात काम करायचे नाही. पेरणीनंतर माणसाला आणि बैलाला मिळणारी ही विश्रांती सगळ्या गावाने एकदम घ्यायची असते, हे या प्रथेतले शहाणपण. गावोगावच्या लक्ष्मी यात्रा काही वर्षांच्या अंतराने येतात. घरे रंगवली जातात, लेकी माहेरी येतात, देवीला नाचवत नेण्याचा ‘व्हन्नाट’ रंगतो आणि मग देवी गदगेवर, म्हणजे तिच्या आसनावर, बसते. सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि चिंचलीच्या मायाक्काला सीमेच्या दोन्ही बाजूंचे लोक जातात.

बैलांचा सण इथे पोळा नव्हे, बेंदूर. आणि तो येतो ज्येष्ठ पौर्णिमेला, महाराष्ट्रातल्या आषाढी बेंदराच्या महिनाभर आधी. म्हणूनच त्याला कर्नाटकी बेंदूर असे नाव आहे. कानडी घरांत हीच पौर्णिमा ‘कार हुण्णिमे’. बैलांना आंघोळ घालतात, शिंगे रंगवतात, झूल पाठीवर येते, पुरणाचे कडबू होतात. संध्याकाळी वेशीवर पाल्याचे तोरण बांधतात आणि सजलेले बैल त्याखालून पळवून ते तोडतात. मराठीत याला ‘कर तोडणे’ म्हणतात, कानडीत ‘करी हरियुवुदु’. पांढरा बैल पुढे आला तर ज्वारीसारखी रब्बीची पांढरी पिके साधणार, तांबडा आला तर खरीप, असा अंदाज कानडी गावांत बांधला जातो.

पंधरा दिवसांनी अमावास्येला कुंभाराकडून मातीची बैलजोडी घरी आणून पुजतात. कानडीत तिचे नाव ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ : मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. ट्रॅक्टर आल्यापासून अनेक गोठे रिकामे झाले, बेंदराला पळवायला जोड्या कमी पडू लागल्या. या अमावास्येला मात्र ज्यांच्या दारात बैल नाही, तेही मातीची जोडी आणतात आणि तिच्यापुढे कडबूचा नैवेद्य ठेवतात.