बिगिनर-ॲडव्हान्स्ड वेगळं, आधी-नंतर वेगळं

वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरचे धडे लावताना लोक पातळी आणि क्रम एकच धरतात, आणि सोलापुरात मी शिकवायला लागल्यापासून हा घोळ इतक्यांदा निस्तरलाय की आता लिहूनच टाकतो. पातळी सगळ्यांना कळते, धडा किती अवघड आणि कुणाला झेपेल, बास. क्रम म्हणजे हा धडा कशाच्या आधी झालाच पाहिजे. सोपं ते आधी, अवघड ते शेवटी असं धरलं की फसलात.

चाइल्ड थीम घ्या. थीम म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइल, आणि चाइल्ड थीम म्हणजे तिच्यावर बसणारी वेगळी छोटी थीम, आपले बदल हिच्यात ठेवायचे. अवघड आहे म्हणून सगळे तिला ॲडव्हान्स्डच्या तळाला टाकतात, पण थीमच्या फाइलला पहिला हात लावायच्या आधी ती करायला पाहिजे की ओ, कारण थीम अपडेट झाली की मूळ फाइल नव्यानं येतात आणि त्यात तुम्ही केलेले बदल पुसले जातात. आमच्याकडं एक चादरीवाले आले होते, गड्ड्याच्या यात्रेआधी महिनाभर खपून थीमच्या फाइलमध्ये रंग, फॉन्ट, हेडर सगळं मनासारखं करून घेतलेलं, अपडेटचं बटण दाबलं आणि सगळं पहिल्यासारखं झालं. ते नवव्या धड्यावर होते, त्यांच्या कोर्समध्ये चाइल्ड थीम चोविसाव्या धड्यात होती. चूक त्यांची नव्हती, धडे लावणाऱ्याची होती.

मेनूचं बरोबर उलटं. बनवायला सोपा म्हणून दुसऱ्याच धड्यात घालतात, पण अजून पानंच केली नाहीत तर मेनूत टाकणार काय?

इंटरमीडिएट हा शब्द तर मला अजिबात आवडत नाही, कुठं बसेना ते सगळं तिथं कोंबतात. त्यापेक्षा प्रत्येक धड्याच्या माथ्यावर 'याआधी हे झालेलं पाहिजे' अशी एक ओळ लिहा.

आणि धडे पोस्ट म्हणून, म्हणजे ब्लॉगच्या नोंदी म्हणून, टाकू नका. पोस्टची यादी नवं ते वर अशी लागते, म्हणजे शिकायला आलेल्या माणसाला बारावा धडा आधी दिसतो आणि पहिला पार खाली. पेज करा, कोर्सचं पान पॅरेंट, म्हणजे त्यांच्या वरचं पान, ठेवा आणि ऑर्डरमध्ये आकडा द्या, पानांची यादी लावणारा पेज लिस्ट ब्लॉक त्याच क्रमानं धडे दाखवतो. आकडे १, २, ३ नको, १०, २०, ३० द्या, मध्ये नवा धडा घालायला जागा राहते. माझ्याकडं थीमच्या फाइल बदलायचा धडा ६० वर आहे आणि चाइल्ड थीम ५५ वर, पातळी ॲडव्हान्स्डच लिहिलीय.