लिंकरने निवडलेली लायब्ररी आणि लोडरने उचललेली लायब्ररी

लिनक्सवर एकाच लायब्ररीच्या (प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या) दोन आवृत्त्या असल्या की ‘कंपायलरने चुकीची आवृत्ती घेतली’ अशी तक्रार येते. खरं तर इथे दोन निवडी होतात. एक लिंकर (कोडचे तुकडे आणि लायब्रऱ्या जोडणारा प्रोग्राम) करतो, बिल्डच्या म्हणजे प्रोग्राम बांधण्याच्या वेळी. दुसरी लोडर (लायब्रऱ्या मेमरीत आणणारा) करतो, प्रोग्राम सुरू होताना, दर वेळी नव्याने. लिंकरला कुठली फाइल सापडली होती हे लोडरला ठाऊकच नसतं.

समजा सिस्टीममध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची १.१.१ आवृत्ती आहे आणि ऑप्ट फोल्डरखाली ३.० बसवलंय. लिंकर आधी मोठ्या एलच्या (-L) पर्यायाने दिलेले फोल्डर क्रमाने पाहतो, मग सिस्टीमचे. जिथे पहिली जुळणारी फाइल मिळेल तिथे थांबतो. आवृत्तीचे आकडे तो ताडून पाहत नाही. ६४ बिट लिनक्सवर ३.० सहसा ‘लिब६४’मध्ये बसतं. तुम्ही सवयीने ‘लिब’ लिहिलं आणि तो फोल्डर नसला, तर लिंकर अवाक्षर न काढता पुढे जाऊन १.१.१ उचलतो. हेडर, म्हणजे फंक्शनची नावं सांगणाऱ्या फाइल्स, मात्र ३.०चे! त्या हेडरमध्ये ‘एसएसएल_गेट_पीअर_सर्टिफिकेट’ हा मॅक्रो (कंपाइल होताना दुसऱ्या मजकुरात बदलणारं नाव) आहे, तो ‘गेट१’ असलेल्या नव्या नावात बदलतो. मग तुम्ही कधीही न लिहिलेलं फंक्शन सापडत नाही, असा एरर येतो. अशा वेळी कोड चाळत बसू नका, आधी फोल्डर तपासा.

लिंक नीट झालं तरी बायनरीत (तयार झालेल्या प्रोग्रामच्या फाइलीत) फक्त ‘लिबएसएसएल.एसओ.३’ एवढंच नाव नोंदलं जातं, फोल्डर नाही. लोडर ते नाव आधी एलडी_लायब्ररी_पाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधल्या फोल्डरांत शोधतो, मग बायनरीत लिहिलेल्या फोल्डरांच्या यादीत म्हणजे रनपाथमध्ये, मग एलडीकॉन्फिग या कमांडने बनवलेल्या कॅशमध्ये आणि शेवटी सिस्टीमच्या फोल्डरांत. (नुसता लायब्ररी_पाथ हा वेगळा व्हेरिएबल, तो जीसीसी हा कंपायलर बिल्डच्या वेळी वाचतो. ही गल्लत फार होते.)

नोंदलेलं नाव तेच आणि आतली आवृत्ती जुनी, असंही घडतं. जीसीसी ११ने बांधलेला सी++ प्रोग्राम जुन्या मशीनवर नेला, तर तिथलीही लायब्ररी ‘लिबएसटीडीसी++.एसओ.६’च असते. लोडर ती उघडतो आणि ‘जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.२९’ ही आतली आवृत्तीची खूण सापडत नाही म्हणून थांबतो.

उपाय म्हणून लिंक करताना आरपाथ, म्हणजे लायब्ररी शोधायचा फोल्डर, द्या. हल्ली बऱ्याच डिस्ट्रोंवर त्याचा रनपाथ होतो, आणि रनपाथ फक्त त्याच बायनरीने थेट मागितलेल्या लायब्रऱ्यांना लागू पडतो. लिबएसएसएलला पुढे लिबक्रिप्टो लागते. तिच्यासाठी तुमचा रनपाथ पाहिला जात नाही. म्हणून ओपनएसएसएल बांधतानाच त्यालाही आरपाथ द्यावा, किंवा तो फोल्डर एलडीकॉन्फिगच्या यादीत घालून रूट म्हणून एलडीकॉन्फिग चालवावं.

तपासताना रीडएल्फ ही कमांड बायनरीत काय नोंदलंय ते दाखवते, तर एलडीडी ही कमांड या घडीला काय सापडतंय ते. एलडीडी तुमच्या शेलचं एन्व्हायर्नमेंट वापरतं. एलडी_लायब्ररी_पाथ बॅशआरसीत (शेल सुरू होताना वाचतो त्या फाइलीत) लिहिलेला असेल, तर टर्मिनलवर सगळं जागेवर दिसतं. पण सिस्टीमडीने पार्श्वभूमीत चालवलेली सर्व्हिस ती फाइल वाचत नाही आणि सुरू होताच बंद पडते.